परिस्थिती पूर्ववत आहे

माझा भाचा एका सल्लागार कंपनीत नोकरीला आहे. परदेशातल्या ज्या कंपन्यांना आपल्याकडे कारखाना काढायचा असतो किंवा चालू कारखान्यात पैसा घालायचा असतो, त्यांना जागा, माणसे, कायदेकानू यांची खडान्‌खडा माहिती काढून द्यायची, हा त्याच्या कंपनीचा धंदा. मध्यंतरी एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि हात धुऊन होतात न होतात तोच त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला.

“मामा, दंगली झाल्या, बॉम्ब फुटले की परदेशी पैसा पळतो, असं तुम्ही लोक म्हणता ना? हे बघा.”

त्याने दाखवलेले आकडे रिझर्व्ह बँकेचे होते. १९९२-९३ हे साल म्हणजे मुंबईच्या दोन दंगलींचे आणि १२ मार्चच्या स्फोटमालिकेचे. त्या वर्षी देशात थेट परदेशी गुंतवणूक आली ३१.५ कोटी डॉलर. पुढच्या, म्हणजे १९९३-९४ साली ती झाली ५८.६ कोटी. शेअर बाजाराच्या वाटेने येणारा पैसा तर २४.४ कोटी डॉलरवरून एकदम ३५६.७ कोटींवर गेला. “आता सांगा,” भाचा म्हणाला, “पळाला का पैसा?”

मी काही बोललो नाही. आकडे बरोबर होते आणि बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला बरोबर आकड्यांशी भांडायची सवय नसते. भाच्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मी मात्र त्या वर्षी तेहतिशीचा होतो, फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात अधिकारी होतो आणि त्या आकड्यांमध्ये अगदी खारीइतका का होईना, माझाही वाटा होता. तो वाटा कोणता, हे मी भाच्याला त्या दिवशी सांगितले नाही. आज सांगतो.

जानेवारी १९९३ चा तिसरा आठवडा. शहर दोन आठवडे जळत होते. व्हीटीवर गावी जाणाऱ्यांची ही गर्दी, लोक गाठोडी घेऊन फलाटावर रात्र काढत होते. आमच्या विभागातली निम्मी टेबले रिकामी असत. त्यातच बाहेरच्या देशांतल्या बँकांकडून टेलेक्स येऊ लागले. या बँकांमध्ये आमची खाती असत, आम्ही दिलेल्या हमीवर त्या पैसे मोकळे करत. त्यांचे विचारणे अगदी सभ्य होते: मुंबईतली परिस्थिती कशी आहे? आपले काम वेळेवर होईल ना? या सभ्यतेचा अर्थ आम्हांला चांगला कळत होता. प्रत्येक मोठी बँक प्रत्येक देशासाठी उधारीची एक मर्यादा ठरवून ठेवते. शंका आली की ती मर्यादा गुपचूप खाली येते, आणि मग इथल्या व्यापाऱ्याची हमी तिकडे कोणी चटकन स्वीकारत नाही, स्वीकारलीच तर जादा आकार लावते. १९९१ चे साल कोणी विसरले नव्हते. त्या वर्षी अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून नेल्या होत्या, देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते आणि सोने परदेशी गहाण टाकावे लागले होते. त्यामुळे विश्वास हा शब्द आमच्या विभागात कोणी सैलपणे वापरत नसे.

उत्तराचा मसुदा करायचे काम माझ्याकडे आले. माझे इंग्रजी बरे होते आणि मी कथा लिहितो हे साहेबांना ठाऊक होते, हेही एक कारण असावे. मी लिहिले की शहरातील परिस्थिती पूर्ववत होत आहे, आमचे सर्व विभाग चालू आहेत आणि देण्याघेण्याचे सर्व व्यवहार वेळेवर पार पडत आहेत. साहेबांनी त्यातला “होत” काढून टाकला. परिस्थिती पूर्ववत आहे. टेलेक्स गेला. लंडनहून दुसऱ्या दिवशी आभार आले. मर्यादा खाली आली नाही.

त्या टेलेक्समध्ये खोटे काहीच नव्हते. सर्व विभाग खरोखरच चालू होते, कारण व्हाउचरांचे गठ्ठे या मजल्यावरून त्या मजल्यावर आम्ही अधिकारीच उचलून नेत होतो. ते काम आमच्या दफ्तरीचे. कागद लावणे, फायली काढून देणे, टेलेक्सच्या नकला पंच करून ठेवणे. नव्या वाचकांना दफ्तरी हा शब्दही माहीत नसेल. संगणकाने तो माणूसच नाहीसा केला. आमचा दफ्तरी खेड तालुक्यातला कोकणी मुसलमान. पंधरा वर्षे त्या स्टुलावर बसत होता. आमच्याशी मराठीतच बोलायचा, होळीला न विसरता पुरणपोळीची आठवण करून द्यायचा. ६ जानेवारीनंतर तो आला नाही. सायनकडे राहायचा. त्याच्याकडे फोन नव्हता. कोणी म्हणे गावी गेला, कोणी काही म्हणे. मी त्याच्या घरी गेलो नाही. खरे सांगायचे तर मला भीती वाटली, आणि नंतर त्या भीतीची लाज वाटली.

तो फेब्रुवारीच्या अखेरीस परत आला. बायकामुले गावी ठेवून आला होता. काय झाले हे त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तो स्टुलावर बसला आणि तुंबलेले कागद लावू लागला. दुपारी एक नक्कल हातात धरून माझ्या टेबलाशी आला. त्याला वाचण्यापुरते इंग्रजी येई.

“साहेब,” तो म्हणाला, “हे आपल्या मुंबईबद्दलच आहे ना?”

मी हो म्हटले. त्याने ती नकल पंच केली आणि फायलीत लावली. एप्रिलमध्ये त्याने कोकणातल्या शाखेत बदली मागून घेतली. मध्ये १२ मार्चचा शुक्रवार येऊन गेला होता. त्या दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा टेबलांवर आल्या. थोड्या वेळात एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, वरळी, दादर. अडीचशेच्या वर माणसे गेली. आणि सोमवारी शेअर बाजार उघडला. त्या सोमवारचा मलाही अभिमान वाटला होता, आजही थोडा वाटतो. पण तेव्हापासून मुंबईला एक खोड लागली. शहर किती लवकर कामाला लागले, यावरच ते किती सुरक्षित आहे हे मोजायचे. जुलै २००६ मध्ये लोकलमध्ये सात स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी बाजार वर गेला. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्ला चालू असतानाच, एक दिवस बंद राहून बाजार पुन्हा सुरू झाला. दरवेळी आपण म्हटले, पाहा, परदेशी गुंतवणूकदार डगमगला नाही.

तर आता भाच्याच्या आकड्यांकडे वळतो.

१९९३-९४ मध्ये जो पैसा धो धो आला, तो मुख्यतः शेअर बाजारातला. परदेशी गुंतवणूक संस्थांना आपल्याकडे शेअर घ्यायची परवानगी मिळाली सप्टेंबर १९९२ मध्ये. दार नुकते उघडले होते, माल स्वस्त होता, ते आले. हा पैसा शूर नसतो. त्याला शूर असण्याची गरजच नसते, कारण तो एका फोनवर परत जाऊ शकतो. हॉटेलात उतरलेला पाहुणा गावातल्या पाण्याची चौकशी करत नाही. कारखान्याचा पैसा वेगळा. तो जमिनीत पुरावा लागतो. यंत्रे जोत्यावर बसली की ती उचलून नेता येत नाहीत, म्हणून असा पैसा येण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो आणि नको वाटले तर कोणाला न सांगता दुसरीकडे जातो. तो गेला असे आपण म्हणूही शकत नाही, कारण तो आलेलाच नसतो. न आलेल्या पैशाचा रकाना रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात नाही.

तशी थेट गुंतवणूकही त्या वर्षी जवळजवळ दुप्पट झाली, हे मी लपवत नाही. पण ३१ कोटींची ५८ कोटी होणे म्हणजे आमच्या लहानपणी एका आण्याचे दोन आणे होण्यासारखे होते. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ते किती, हेही पाहायला हवे.

न आलेला पैसा कसा असतो, हे पाहायचे तर शेजारच्या श्रीलंकेकडे बघावे. दक्षिण आशियात अर्थव्यवस्था मोकळी करायला पहिल्यांदा सुरुवात केली ती त्यांनी, १९७७ साली, आपल्या चौदा वर्षे आधी. कोलंबोच्या विमानतळाजवळ काटुनायके येथे १९७८ मध्ये निर्यातीसाठी खास औद्योगिक क्षेत्र उभे केले. कपड्यांचे कारखाने आले. त्यानंतर दोन मोठ्या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या तिथे कारखाने काढायच्या तयारीत होत्या. शिकलेली माणसे, इंग्रजी येणारी, मजुरी कमी, बंदर उत्तम. सगळे जुळून आले होते. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरे आणि दुकाने जाळण्यात आली. पोलिस पाहत उभे राहिले. त्या दोन कंपन्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या आल्या नाहीत. मलेशियाने त्याच धंद्यावर केवढी मजल मारली, हे आपण सगळे जाणतो. श्रीलंका शिवणकामावर राहिली. कोणी म्हणेल की दंगल झाली नसती तरी तसेच झाले असते. असेलही. इतिहासाची दुसरी प्रत काढता येत नाही.

पुढे २००१ च्या जुलैमध्ये त्याच काटुनायकेच्या विमानतळावर तमिळ वाघांनी हल्ला करून विमाने जाळली. विमा कंपन्यांनी युद्धाचा जादा हप्ता लावला आणि तो हप्ता सरतेशेवटी चहाच्या पेट्यांवर आणि कपड्यांच्या खोक्यांवर बसला. त्या वर्षी श्रीलंकेची अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आकसली. युद्ध उत्तरेकडे वर्षानुवर्षे चालूच होते, ते हिशेबात धरले गेले होते. दाराशी आलेल्या आगीची किंमत वेगळी लागली.

विमा म्हटल्यावर आठवले. दहशतवादाचा विमा आपल्याकडेही मिळतो. त्यासाठी आपल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी २००२ साली एकत्र येऊन एक सामाईक निधीही उभारला आहे. म्हणजे बॉम्बची किंमत ठरवता येते. वर्षाला इतका हप्ता, की झाले. किंमत ठरवता आली की पैशाची भीती अर्धी होते. म्हणूनच बॉम्बस्फोटानंतर बाजार उभा राहतो. त्यात मुंबईकराच्या धैर्याइतकाच विम्याच्या गणिताचा भाग आहे. दादागिरीचा विमा मात्र मिळत नाही. माल कोणाच्या ट्रकमधून न्यायचा, भंगार कोणाला विकायचे, मजूर कोणाचे घ्यायचे, हे गेटबाहेर मोटारसायकल लावून बसलेली चार पोरे ठरवू लागली, तर त्याचा हप्ता कोणती कंपनी सांगणार? पुण्याच्या आसपासच्या कारखानदारांना या दादागिरीचा त्रास होतो, हे २०२५ मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनीच जाहीर बोलून दाखवले. बोलले ते बरे झाले. कारखानदार स्वतः कधी बोलत नाहीत. ते आपल्या मुख्य कचेरीला कळवतात, आणि पुढचा कारखाना दुसऱ्या राज्यात निघतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये एका बंदच्या दिवशी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जमावाने कितीतरी कारखाने फोडले. जमाव कोणाचा होता यावर नंतर बराच वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण मराठवाड्यासारख्या भागात, जिथे एकेक कारखाना आणायला माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात, तिथे फुटलेली काच पुन्हा बसवायला एक दिवस लागतो आणि दुसरा कारखाना यायला किती वर्षे लागतील, हे वसाहतीतल्या चहावाल्यालाही सांगता येईल.

आणि त्याच मराठवाड्यातले मस्साजोग. डिसेंबर २०२४. बीड जिल्ह्यातल्या या गावाजवळ एका पवनऊर्जा कंपनीचे काम चालू होते. पवनचक्क्यांच्या धंद्यात देशाबाहेरचा पैसा आज मोठ्या प्रमाणावर आहे, ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणून जगभरातून तो येतो. पोलिसांच्या आरोपपत्राप्रमाणे या कंपनीकडे २ कोटींची खंडणी मागण्यात आली होती. कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख त्याच्या मदतीला धावले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, देशमुखांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. खटला न्यायालयात आहे, तेव्हा आरोपींबद्दल मी बोलत नाही. मला एवढेच दिसते की कोट्यवधींच्या प्रकल्पाचे रक्षण करायला त्या दिवशी कोण उभे होते. गेटवरचा एक पहारेकरी आणि एक सरपंच. दोघेही गुंतवणूकदाराच्या यादीत कुठे नाहीत.

परदेशी शिष्टमंडळ येते तेव्हा आपण काय करतो? विमानतळापासून हॉटेलपर्यंत रस्ता मोकळा करतो, पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या देतो. पाहुणा सुखरूप जातो-येतो आणि करारावर सही होते. मी तसल्या काही समारंभांना बँकेतर्फे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो आहे. पाहुण्यांपैकी जाणते लोक भाषण ऐकत नसत. ते चहाच्या वेळी शेजारच्या कारकुनाला विचारत, तुम्ही घरी किती वाजता पोहोचता? तुमची मुलगी कामाला जाते का, रात्रपाळी करते का? तेव्हा मला त्यांचे प्रश्न गंमतीचे वाटत. आता वाटत नाहीत. ज्या शहरात बाई दुसऱ्या पाळीहून एकटी घरी जाऊ शकते तिथे कारखाना दोन पाळ्यांत चालतो, हा हिशेब त्यांच्या डोक्यात असे.

काही जणांना वाटते, याला उपाय दंडुका. चार ठिकाणी गोळी घाला, सगळे सरळ होतील, गुंतवणूकही येईल. माझ्या पिढीत असे म्हणणारे फार. मला ते पटत नाही. दंडुका ज्याच्या हातात त्याची मर्जी फिरली की तीच दादागिरी गणवेश घालून येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग यांच्या खटल्यात एक साधी गोष्ट सांगितली होती. पोलिस ठाण्याच्या प्रमुखाला त्या जागी किमान दोन वर्षे राहू द्या, म्हणजे वरून फोन आला तरी तो ताठ राहू शकेल. ती गोष्ट आपण किती मनावर घेतली, हे कोणत्याही तालुक्याच्या ठाण्यातला बदल्यांचा फलक पाहिला की कळेल.

न्यायाचेही तेच. करार मोडला तर तुमच्या न्यायालयात निकाल किती वर्षांनी लागतो, हे परदेशी कंपनीचा वकील पहिल्या बैठकीत विचारतो. दंगलीच्या खटल्याचे काय, हे तो विचारत नाही. पण पोलिस आणि न्यायालये तीच ना? १९९३ च्या स्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले, पण २००६-०७ उजाडले. २००६ च्या लोकलस्फोटांचे सर्व १२ आरोपी उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. पण मग ती माणसे कोणी मारली, हा प्रश्न एकोणीस वर्षांनंतरही होता तिथेच आहे. आणि आमच्या त्या दंगली? श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले आणि १९९८ साली अहवाल दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की राज्याने कायदा आणि सुव्यवस्था राखण्यात कसूर केली आणि जे १६८ जण बेपत्ता झाले, त्यांतल्या अनेकांच्या घरच्यांना भरपाई द्यायची अजून राहिलीच आहे. तीस वर्षे होत आली होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मला तो टेलेक्स शब्दन्‌शब्द आठवला.

मी कर्जविभागात गेलो तेव्हा आमचे एक वरिष्ठ होते, विदर्भातले, तंबाखू मळत बोलणारे. कारखान्याच्या पाहणीला जाताना ते मला बजावत, “आधी मॅनेजरच्या केबिनीत जाऊ नका. तो चहा देईल आणि आलेख दाखवेल. आधी गेटवरच्या वॉचमनशी बोला. पगार वेळेवर होतो का, रात्री कोण येतं, कोण शिवीगाळ करतं. ताळेबंद मग बघा.” मी त्यांचे ऐकत असे. दोन कर्जे मी नुसत्या वॉचमनच्या बोलण्यावरून थांबवली होती. अहवालात मात्र कारण दुसरे लिहावे लागले, कारण वॉचमनचे म्हणणे हे कारण होऊ शकत नव्हते.

हे मी भाच्याला सांगितले. तो हसला. पण मुलगा गुणी आहे. गेल्या आठवड्यात रात्री त्याचा फोन आला. एका कारखान्याची पाहणी करून आला होता, कोणत्या ते मी विचारले नाही.

“मामा, वॉचमनशी बोललो. तो म्हणाला, रात्री अकरानंतर मी आतून कुलूप घालून कँटीनमध्ये जाऊन बसतो. बाहेरून कोणी हाक मारली तरी गेटवर येत नाही. मागे एकदा आलो होतो, म्हणाला.”

“मग अहवालात काय लिहिलंस?”

“अजून लिहायचाय,” तो म्हणाला.